बावडा ते वाडी, पाण्याच्या मागोमाग

तिसरीत आम्ही जिल्ह्याचे बारा तालुके पाढ्यासारखे म्हणायचो. करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, हातकणंगले, शिरोळ, कागल, राधानगरी, भुदरगड, आजरा, गडहिंग्लज, चंदगड, आणि सगळ्यात शेवटी गगनबावडा. तोवर श्वास संपलेला असायचा, त्यामुळं 'गगन' कुणाला ऐकू जायचंच नाही. त्या वयात गगनबावडा म्हणजे यादीतलं शेवटचं नाव, एवढंच.

यंदा दिवाळी झाल्यावर मामा म्हणाले, "जिल्हा बगायचा आसंल तर पाण्याबरूबर जायाचं. वरनं खाली." मामा पाटबंधारे खात्यात पाटकरी, म्हणजे शेतकऱ्यांना पाटाचं पाणी वाटून देणारे, होते. आता निवृत्त आहेत, पण पावसाळ्यात अजून पहाटे उठून पहिला प्रश्न तोच, "राधानगरीचं दार किती उगाडलं?" त्यांच्या या सवयीमुळं मलाही राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक हा आकडा स्वतःच्या फोन नंबरासारखा पाठ आहे. तर ठरलं. गाडीवरनं गगनबावडा ते नरसोबाची वाडी, शंभरेक किलोमीटर, एका दिवसात.

कोल्हापुरातनं पहाटे निघून ५५ किलोमीटर वर गेलो आणि थेट धुक्यात घुसलो. एसटी स्टँडवर पुढचं माणूस दिसत नव्हतं. नुसता आवाज यायचा, "च्या घेणार?" इथनं पुढं रस्ता फुटतो, एक करूळ घाटानं आणि एक भुईबावडा घाटानं, दोन्ही खाली कोकणात. वर गगनगड. हा सगळा मुलूख पंत अमात्य बावडेकरांच्या जहागिरीचा. राजाराम महाराज जिंजीला असताना ज्यांनी इकडं स्वराज्याचा गाडा ओढला, ते रामचंद्रपंत अमात्य याच घराण्याचे मूळपुरुष. कोल्हापूर संस्थानाच्या पोटात अशा जहागिऱ्या होत्याच. बावडा, विशाळगड, कागल, इचलकरंजी. म्हणजे संस्थानातसुद्धा छोटी संस्थानं.

गगनबावड्याला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आम्हाला खाली जिथं जायचं होतं त्या शिरोळला पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच. तहसीलदार इथंही एक आणि तिथंही एक. माणसांचं बघाल तर २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गगनबावडा तालुक्याची लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास, आणि शेजारच्या करवीरची दहा लाखांवर. बारा तालुक्यांना आमदार दहाच आहेत, तेव्हा या तालुक्याच्या वाट्याला स्वतःचा आमदारही नाही. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमदार नसंल. पर हितला पर्जन्यमापक सगळा शिरोळ तालुका बगत बसतोय. त्यो काय कमी मान हाय?"

धुकं उतरल्यावर भाताची खाचरं दिसायला लागली. काही ठिकाणी कापणी उरकून मळणी चाललेली, पेंढा रस्त्याकडेला वाळत टाकलेला. कुंभी नदी उजवीकडं, डावीकडं, परत उजवीकडं. असळज, साळवण, तिसंगी करत खाली येताना मामा बोटानं दाखवत होते, पुरात रस्ता कुठं बुडतो. मांडुकली आली. "हितं बस थांबत्या. मग बावडा आनि कोल्हापूर दोन मुलूख." आत्ता तिथं एक बाई शांतपणे भात वारवत होती. ऑगस्टात याच जागी छातीभर पाणी असतं हे डोळ्यांना पटत नव्हतं.

कळ्याच्या अलीकडं एका बंधाऱ्यावर बरगे घालायचं काम चाललं होतं. मामांनी गाडी थांबवायलाच लावली. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत ओळीनं दगडी खांब, खांबांच्या दोन्ही अंगांना उभ्या खाचा. पावसाळा सरला की त्या खाचांत आडवे बरगे एकावर एक सरकवायचे. नदी अडते, पाणी तुंबतं, काठच्या मोटारी चालू होतात. पावसाळ्याच्या तोंडाला ते सगळे काढून ठेवायचे, म्हणजे पूर सुखानं खांबांतनं निघून जातो. भिंत हवी तेव्हा घातली, नको तेव्हा काढली. राधानगरीचं पाणी पाटानं नाही, भोगावतीच्याच पात्रानं खाली येतं. नदी हाच पाट. तिला जागोजागी असं थोपवायचं आणि पाणीपुरवठा संस्थांच्या मोटारींनी उचलून रानात न्यायचं. बाकी महाराष्ट्रात कुठंही असा बंधारा बांधला तरी सरकारी कागदावर तो 'को. प. बंधारा'च असतो. चप्पल आणि मिसळीच्या नावानं मिरवणाऱ्या गावानं याचा अभिमान का बाळगू नये, मला कळत नाही.

कंबरभर पाण्यात उभा असलेला एकजण ओरडत होता, "आल्याड, आल्याड घे!" वरचे दोघं लोखंडी बरगा दोरानं खाली सोडत होते. तो खाचेत बसताना खर्रर्र करत गेला आणि तळाला टेकल्यावर 'ठण्ण' वाजला. मला उत्साह आला. काठावरचा एक उचलून बघायला गेलो तर एक टोक जेमतेम वीतभर उठलं. सगळे हसले. मामा म्हणाले, पूर्वी लाकडी फळ्या असायच्या, दोन रांगांत, आणि मधल्या पोकळीत चिकणमाती ठासायची. तरी गळायचंच. आता लोखंड आलं तर गळती कमी आणि चोरी जास्त. भंगाराच्या भावानं जातात म्हणे. पाणी राखायला ठेवलेल्या माणसाला आता लोखंडही राखावं लागतं.

पुढं एक चूक माझी. बालिंग्याला भोगावतीचा पूल ओलांडून सरळ शहरात शिरायचं सोडून प्रयाग चिखलीला जायला मी मोबाईलमधला जवळचा रस्ता धरला. नकाशात नदीवर रेघ दिसत होती, मी पूल समजलो. तो निघाला बंधारा, आणि त्याच्या तोंडाला पुरात आलेला गाळ अजून तसाच. पाऊण तास उसात फिरलो. मामा एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

प्रयागला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी, न दिसणारी सरस्वती. इथनं पुढं नाव पंचगंगा. संगमाला जेवढी शांतता आहे, तेवढाच चिखलीकरांचा पावसाळा अवघड. पुनर्वसनाची जागा सोनतळीला मिळालेली, पण जनावरं, रानं, देव इथंच. पाणी चढलं की तिकडं, उतरलं की इकडं.

शहरात फक्त जेवायला थांबलो. कसबा बावड्याचा राजाराम बंधारा मात्र मामा चुकवणार नव्हते. (हा बावडा वेगळा, बरं का. पाहुण्यांचा हमखास घोळ होतो.) इथं पंचगंगेची ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पावसाळ्यात जिल्हाधिकारी कार्यालयापासून पानपट्टीपर्यंत सगळ्यांचं लक्ष या एका पट्टीवर. महसुली खातं एरवी एकरात आणि गुंठ्यात बोलतं. जून ते सप्टेंबर फुटात आणि इंचात.

शिरोली सोडली की मुलूखच बदलतो. सपाट, रुंद, ऊसच ऊस. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागं आम्ही. हातकणंगल्याची गंमत अशी की तालुक्याचं ठाणं हे, पण मोठं गाव इचलकरंजी. तिथं आता महापालिकाही आहे. लोकसभेचा हातकणंगले मतदारसंघ तर वारणा ओलांडून सांगली जिल्ह्यातले शिराळा आणि इस्लामपूरही पोटात घेतो. ताराराणींनी १७१० मध्ये पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली, त्यावरनं सातारकरांशी जुंपलेलं भांडण १७३१ ला वारणेच्या तहानं मिटलं. वारणा ही हद्द ठरली आणि आजही दोन जिल्ह्यांमधली बरीचशी हद्द तीच आहे. जे सातारकर-कोल्हापूरकरांना जमलं नाही ते मतदारसंघाच्या फेररचनेनं करून दाखवलं.

बाकी जिल्ह्याच्या कडा नंतर शिवलेल्या. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. कुरुंदवाड पटवर्धनांचं होतं, तेही याच जिल्ह्यात आलं. चंदगड १९५६ ला बेळगाव जिल्ह्यातनं इकडं आला. माझी आत्या चंदगडची. तिच्याकडं अजूनही मोठ्या दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला बेळगावच जवळचं.

जयसिंगपुरात भडंगाचं पाकीट घेतलं आणि शिरोळमार्गे निघालो. मामांनी एका रानाकडं हात केला. काळीभोर जमीन, वर मीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर. क्षारपड. पाऊस कमी, म्हणून पाणी आणलं. पाणी आलं, म्हणून ऊस लावला. मग देतच राहिले. निचरा नाही, क्षार वर आले. आता काही गावांत जमिनीखालनं पाईप टाकून पाणी बाहेर काढतात. "आमी पानी द्यायला शिकिवलं. थांबवायला कोन शिकिवनार हुतं?" मामा म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले.

वाडीला पोचायला दिवेलागण झाली. खिद्रापूरचं देऊळ बघायचं राहिलं. पंचगंगा इथं कृष्णेला मिळते. सकाळी गगनबावड्यात ज्या कुंभीवरनं उडी मारता आली असती, ती या रुंद, संथ पाण्यात कुठंतरी होती. पूर आला की पाणी दत्ताच्या पादुकांवरनं जाऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वार स्नानाला गर्दी लोटते. आणखी चढलं की देव वर हलवायचे आणि माणसांनी घरं सोडायची. मग कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या फुगीवरनं वाद, तो दरवर्षीचा.

पालखी झाल्यावर बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्यायला एका दुकानात शिरलो. आतल्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, दोन रेघा होत्या. एकीपुढं १९, दुसरीपुढं २१. दुकानदाराला मामा म्हणाले, आम्ही सकाळी गगनबावड्यात होतो. त्यानं तराजूत बर्फी टाकता टाकता, नोव्हेंबर महिना असताना, सवयीनं विचारलं,

"पाऊस हाय का तिकडं?"