शून्य कसं येईल, भावा? चौघांत सोडवलेली बारावीची इंटिग्रेशनं

आम्ही चौघं कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेच्या जिन्यात बसायचो. आत बोलायला बंदी, म्हणून जिना. पहिले काही दिवस फुकट गेले, कारण ज्याला गणित येतं तो वही ओढून घ्यायचा आणि भराभर सोडवून दाखवायचा. बघताना सगळं कळतं, घरी गेल्यावर दुसरी ओळ सुचत नाही. मग ठरलं की पेन अडलेल्याच्याच हातात राहणार. बाकीच्यांनी एकच ओळ पुढं सरकवायची, तीही प्रश्न विचारून.

रात्री ग्रुपवर शंका टाकायची तर नुसता पुस्तकाचा फोटो चालत नसे. स्वतः केलेल्या ओळी हव्यात, अडलं तिथं बाण हवा, लिमिट्स (एक्स कुठून कुठपर्यंत ते आकडे) वाचता यायला हव्यात.

पहिलं भांडण साइन एक्स कॉस एक्सच्या इंटिग्रेशनवरून झालं. एकाचं उत्तर साइन स्क्वेअर एक्स भागिले २, दुसऱ्याचं उणे कॉस स्क्वेअर एक्स भागिले २, तिसरीचं उणे कॉस २एक्स भागिले ४. तिन्ही बरोबर! पहिल्या दोघांत फरक फक्त १/२ चा आणि तो 'प्लस सी'मध्ये, म्हणजे शेवटी लावायच्या कुठल्याही स्थिर संख्येत, जिरतो. तेव्हापासून उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर आधी त्याचं डेरिव्हेटिव्ह काढून बघायचं, मग खोडायचं.

खरी फसगत डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये, म्हणजे लिमिट्स दिलेल्या गणितांत. हे गणित बघा: ० ते पाय, १ भागिले (१ + कॉस स्क्वेअर एक्स). सवयीनं अंश-छेदाला कॉस स्क्वेअरनं भागलं. वर सेक स्क्वेअर आला, खाली टॅन स्क्वेअर + २. टॅन एक्स बरोबर टी घेतलं. टॅन ० म्हणजे ०, टॅन पाय म्हणजेही ०. लिमिट्स ० ते ०, उत्तर शून्य. एकही ओळ चुकल्यासारखी दिसत नाही.

"भावा, शून्य कसं येईल? फंक्शन कधी निगेटिव्ह होतंय का?"

होत नाही. ते १/२ च्या खाली जात नाही, १ च्या वर जात नाही. म्हणजे पाय लांबीवरचं क्षेत्रफळ १.५७ आणि ३.१४ च्या मध्येच पाहिजे. चूक सबस्टिट्यूशनमध्ये आहे: पाय/२ ला टॅन तुटतो आणि आपण त्याच्यावरून उडी मारून गेलो. पाय वजा एक्स घातलं तरी कॉस स्क्वेअर तोच राहतो, म्हणून ० ते पाय/२ ची दुप्पट घ्यायची. आता टी ० ते अनंत जातो. २ गुणिले १/रूट २ गुणिले पाय/२, म्हणजे पाय/रूट २. साधारण २.२२, दोन्ही आकड्यांच्या मध्ये.

लिमिट्स ० ते ए असताना एक्सच्या जागी 'ए वजा एक्स' घालायची प्रॉपर्टी तर आम्ही इतकी घोकली, की दिसेल तिथं लावत सुटलो. ० ते पाय एक्स साइन एक्सला ती झकास चालते: साइन तसाच राहतो, बेरजेत एक्स उडतो, उत्तर पाय. तेच गणित ० ते पाय/२ दिलं की साइनचा कॉस होतो, काहीच उडत नाही. तिथं मुकाट्यानं बाय पार्ट्स (गुणाकाराच्या इंटिग्रेशनचा नियम), उत्तर १. म्हणून प्रॉपर्टी लावण्याआधी आम्ही विचारायचो, "बदलल्यावर काय तसंच राहतंय?"

सीईटीत गणिताला ५० प्रश्न आणि ९० मिनिटं. १ भागिले (१ + कॉस स्क्वेअर एक्स) याच गणिताला ०, पाय/२, पाय, पाय/रूट २ असे पर्याय असतील तर इंटिग्रेशन न करताच शेवटचा उरतो, कारण फंक्शन सगळीकडे १/२ किंवा सगळीकडे १ नाही. बोर्डात हे चालत नाही. तिथं चार मार्कांच्या गणितात दुप्पट का घेतली ती ओळ लिहावी लागते, आणि आमच्यातले तिघं नेमकी तीच गाळायचे.