एका चार्जरपायी तीन महिने

बायोइंजिनिअरिंगची पहिली तीन वर्षं कधी संपली कळलंही नाही. चौथं मात्र नैतिकता समितीच्या फॉर्मनं खाल्लं.

प्रोजेक्ट होता कृत्रिम हाताचा. दंडावरच्या त्वचेला इलेक्ट्रोड चिकटवायचे, स्नायूचा जेमतेम मिलिव्होल्टभर सिग्नल टिपायचा आणि त्यावर मूठ उघडायची-मिटायची. सर्किट वेळेत झालं. पण माणसाच्या अंगाला काही लावायचं, मग तो शेजारच्या बाकावरचा मित्र का असेना, तर समितीची लेखी परवानगी लागते. आणि आमची समिती बसायची महिन्यातून एकदा!

पहिल्यांदा फॉर्म परत आला, कारण संमतीपत्रकाची भाषा कुणाला कळण्यासारखी नव्हती. ते एक मान्य. दुसऱ्यांदा शेरा: 'मित्र भिडेखातर हो म्हणणार नाहीत कशावरून?' तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. तिसऱ्या खेपेला फोटोवर लाल गोल. फॉर्मात मी 'उपकरण बॅटरीवर चालेल' असं ठणकावून लिहिलेलं, आणि फोटोच्या कोपऱ्यात लॅपटॉपचा चार्जर भिंतीतल्या सॉकेटात! लॅपटॉप यूएसबीनं सर्किटला जोडलेला, म्हणजे चार्जर बिघडला तर भिंतीतली वीज थेट मित्राच्या दंडापर्यंत. आयईसी 60601-1 या वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षेच्या मानकात अशा इलेक्ट्रोडमधून अंगात जाणाऱ्या गळतीच्या प्रवाहाला एरवी 100 मायक्रोअँपिअरची मर्यादा आहे, थेट हृदयाशी जोडायच्या उपकरणाला 10ची. मी तो कधी मोजलाच नव्हता.

चार्जर काढला, मध्ये आयसोलेटर बसवला, म्हणजे विजेची थेट जोडणी तोडून फक्त सिग्नल जाऊ देणारा भाग. दोन आठवडे मी सिग्नलमधल्या ज्या भुणभुणीसाठी अ‍ॅम्प्लिफायरला शिव्या घालत होतो, तीही गेली. समितीला हे सांगितलं नाही.

तेव्हा सोल्डरिंगला हात लावण्याआधी फॉर्म भरा. संमतीपत्रक दुसऱ्या शाखेच्या कुणाला तरी वाचायला द्या. तो अडखळेल ते वाक्य बदला.

नोकरीच्या मुलाखतीत सर्किटबद्दल फार विचारलं नाही. जोखमीची नोंद कशी ठेवता, आयएसओ 14971 हे वैद्यकीय उपकरणांच्या जोखीम-व्यवस्थापनाचं मानक माहीत आहे का, हेच. मी चार्जरची गोष्ट सांगितली. आता वैद्यकीय उपकरणांच्या मंजुरीची कागदपत्रं तयार करतो. वर्गातली एक जण रुग्णालयात व्हेंटिलेटर, डायलिसिस यंत्रं सांभाळते. दुसरा ऊती-अभियांत्रिकीत, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून ऊती वाढवण्यात, संशोधन करतो आणि पेशींना बुरशी लागली की फोन करून रडतो.

आणि हो, समितीच्या सुट्ट्या आधी विचारून घ्या. परीक्षेच्या महिन्यात आमची बसलीच नव्हती.