घर बदलताना खर्चाचा अंदाज

घर बदलण्याच्या खर्चाचा विचार करताना बहुतेक जण सामान नेणाऱ्या ट्रकच्या भाड्यापाशीच थांबतात. माझ्या मते मात्र अंदाजपत्रक खरे कोलमडते ते जुन्या घराची अनामत रक्कम हाती येण्याआधीच नव्या घराची भरावी लागते आणि काही दिवस दोन्हीकडचे भाडे चालू राहते तेव्हा. म्हणून प्रत्येक रकमेसमोर ती देण्याची तारीखही लिहावी. वाहतुकीचा दर सामान, अंतर, मजला आणि लिफ्टची सोय यांवर ठरत असल्याने, सामान प्रत्यक्ष पाहून दिलेला दर लेखी घ्यावा आणि त्यात बांधणी, हमाली व विमा धरला आहे का, हे आवर्जून विचारावे. पडदे, बल्ब, कुलपे अशा किरकोळ वस्तूंसाठी एकूण रकमेच्या किमान १० टक्के वेगळे ठेवावेत.