आमची वाटचाल : बी जमवण्यापासून बी टिकवण्यापर्यंत

नौपाड्यातील घराच्या गॅलरीत आम्ही बियांचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमच्याकडे सदाफुली, गोकर्ण, गुलबक्षी आणि अबोली एवढ्याच बहुवर्षायू फुलझाडांचे बी होते. पहिल्याच पावसाळ्यात मोठा फटका बसला. उन्हात वाळवून प्लॅस्टिकच्या पुड्यांत भरलेले गोकर्णाचे बी ऑगस्टमध्ये पाहिले, तर त्यावर पांढरी बुरशी धरली होती आणि पुडी उघडताच कुबट वास आला. ज्यांना ते बी आधीच पाठवले होते, त्या सर्वांचे पैसे आम्ही परत केले.

चूक वाळवण्यात होती, तशी साठवण्यातही होती. ठाण्यासारख्या खाडीकाठच्या शहरात पावसाळी हवा इतकी दमट असते, की वाळलेले बी उघड्यावर राहिले तर ते पुन्हा ओलावा शोषून घेते. आणि बियांतील ओलावा एक टक्क्याने घटला की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, हा ठोकताळा आम्हाला तोवर ठाऊक नव्हता. आता बी कागदावर पसरून सावलीत, पंख्याखाली वाळवतो आणि रबरी कडीच्या काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये ठेवतो. बाहेर काढलेली बरणी लगेच उघडत नाही, कारण गार बियांवर बाहेरच्या हवेचे दव धरते.

काढणीत सर्वांत जास्त परीक्षा अबोली पाहते. तिची वाळलेली बोंडे पाणी लागताच तडकतात आणि बी दूरवर उडते, म्हणून सकाळी झाडांना पाणी घालण्यापूर्वीच तपकिरी कणसे कापून कापडी पिशवीत टाकावी लागतात. सदाफुलीच्या जोडशेंगा पिवळसर होताच त्यांवर मलमलीची पुरचुंडी बांधतो; संकरित रोपांचे बी मात्र घेत नाही, कारण त्याची फुले आईसारखी येतीलच असे नाही. गुलबक्षीचे बी हुबेहूब मिऱ्यासारखे दिसते आणि विषारी असते, त्यामुळे तिच्या पाकिटावर 'खाण्यासाठी नाही' हे शब्द आम्ही सर्वांत मोठ्या अक्षरांत छापतो.

विक्रीपूर्वी प्रत्येक बरणीतील दहा बिया ओल्या फडक्यात रुजवून पाहतो आणि सातांपेक्षा कमी उगवल्या, तर ती बरणी विकत नाही. गोकर्णाच्या बियांना चाचणीआधी रात्रभर भिजवावे लागते, कारण त्यांचे टरफल कठीण असते.

कोपरीच्या एक आजी आता दर हिवाळ्यात पांढऱ्या गोकर्णाच्या शेंगा वर्तमानपत्रात गुंडाळून आणून देतात. त्या बियांची बरणी आम्ही वेगळी ठेवली आहे आणि तिच्यावर 'पांढरी गोकर्ण, कोपरी' अशी चिठ्ठी लावली आहे.