गुरुजींच्या फियाटची तार

रत्नागिरीत गॅरेज आहे माझं. जुन्या गाड्या हौसेने घेतो, त्यात सुटत काहीच नाही. वैशाखात गुरुजींची १९६६ची फियाट आली. १०८९ सीसी, स्टिअरिंगला गिअर. सायलेन्सरचा पाइप जाड तारेने टांगलेला आणि मध्ये जुन्या टायरचा तुकडा. गुरुजींच्या वडिलांनी बांधलेली तार. मी हसलो, पोरांना बोलावूनही दाखवली. मग पाच एमएमच्या पट्टीचा ब्रॅकेट केला, गाडीच्या तळाला वेल्ड मारला आणि यू क्लॅम्पने पाइप आवळून टाकला. वर काळा रंग. हत्ती टांगला तरी हलला नसता.

श्रावणात गुरुजी आले. आरे-वारेच्या रस्त्याला काकूंना गरगरतं, डोकं धरतं. म्हटलं, वळणं आहेत, आवळासुपारी ठेवायला सांगा तोंडात. पुढच्या खेपेलाही तेच म्हटलं. तिसऱ्यांदा गुरुजी म्हणाले, "मेस्त्री, उघडीप असली की काही होत नाही हो. पाऊस लागला, काचा वर केल्या की होतं."

गाडी लगेच खड्ड्यावर घेतली. मॅनिफोल्डच्या फ्लँजपाशी, म्हणजे इंजिनाला पाइप जिथे बोल्ट होतो तिथे, पाइपला अर्धगोल चीर, भोवती काजळी. तिथून गॅस पेडलच्या भोकांतून थेट आत. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने गरगरतं, डोकं धरतं, आणि त्याला रंग नाही, वास नाही.

इंजिन फाउंडेशनच्या रबरांवर बसलेलं असतं. रेस दिली की कुशीवर झुकतं, आणि पाइप त्यालाच बोल्ट केलेला. त्यात लोखंड तापलं की वाढतं. अडीच मीटरचा पाइप अडीचशे अंशांनी तापला तर साडेसात मिलिमीटर. हे सगळं मला पाठ आहे. शिकाऊ पोरांना मीच सांगतो. तरी माझ्या ब्रॅकेटने पाइपला हलू दिलं नाही आणि ताण गेला फ्लँजवर. वडिलांची तार झुलत होती, म्हणून पाइप शाबूत होता.

ब्रॅकेट कापला. पहिला आधार गिअरबॉक्सवरून घेतला, म्हणजे इंजिन झुकलं की तोही बरोबर झुकतो. मागे टायरच्या पट्ट्या, आतल्या धाग्यांसकट कापलेल्या. बाजारातल्या डुप्लिकेट रबरांना दोन पावसांत भेगा पडतात. क्लॅम्प सैल ठेवून इंजिन चालवलं, पाइप आपल्या जागी बसू दिला, मग पुढून मागे आवळत गेलो. सायलेन्सरच्या डब्याला खालून तीन एमएमचं भोक पाडलं. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. बाजारापुरत्या फेऱ्या मारल्या तर ते डब्यात साचतं आणि डबा आतून सडतो. लोक खाऱ्या हवेला शिव्या देतात.

गुरुजींना म्हटलं, पाइप फुटला होता. का फुटला ते नाही सांगितलं. पैसे घेतले नाहीत, तर त्यांना वाटलं मी भला माणूस.

गणपतीत त्यांच्याकडे गेलो. काकूंनी पानात मोदक वाढला. "आता नाही हो गरगरत. तुमच्या आवळासुपारीचा गुण आला."

मी मोदकावर तूप घेतलं.