सोर्स डेबियनकडे आहेच की!

आमच्या भागातल्या काही शाळांच्या लॅबसाठी मी डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमवरून एक सिस्टीम बांधतो. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीच चालू, नको ती पॅकेजं (तयार प्रोग्राम) काढलेली, आणि जुन्या पीसींचं वायफाय चालावं म्हणून कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, एक छोटा पॅच (कोडमधला बदल). पेन ड्राइव्हवर भरून शिक्षकांच्या हातात देतो. मदतीला येणारा भाचा दर वेळी कुरकुरतो, "मामा, सोर्स, म्हणजे मूळ कोड, सोबत द्यायची भानगड कशाला? डेबियनच्या साइटवर आहेच की. आणि आपण पैसेही घेत नाही."

पण बायनरी, म्हणजे त्या कोडचं चालवायला तयार रूप, मी वाटतोय, तर सोर्सही मीच द्यायचा. मेपिस नावाच्या डिस्ट्रोला (लिनक्सच्या तयार संचाला) २००६ मध्ये जीपीएल हे लायसन्स काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने हेच सुनावलं होतं. न बदललेल्या पॅकेजांचा सोर्स मूळ डिस्ट्रोकडे आहेच, या भरवशावर ते चालले होते.

कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो, १९९१ची. तिच्यात सोर्स सोबत द्या, नाहीतर मागेल त्याला देण्याची लेखी हमी द्या, किमान ३ वर्षांची. दुसऱ्याची हमी पुढे सरकवायची सोय फुकट वाटणाऱ्यांना आहे खरी, पण आपल्याला बायनरी तशी हमी लावून मिळाली असेल तरच. डेबियन हमीबिमी देत नाही, सरळ सोर्सच ठेवतं. भाच्याची पळवाट तिथेच बंद.

हमीचा कागद लिहायला सोपा, निभवायला अवघड. डेबियनच्या मिररवर (डाउनलोडच्या सर्व्हरवर) नवी आवृत्ती आली की जुनी निघून जाते. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांच्या स्नॅपशॉट संग्रहात ती सापडते म्हणा, पण माझा पॅच तिथे कुठून असणार? म्हणून आयएसओ (पेन ड्राइव्हवर भरायची फाइल) बनवतानाच लाइव्ह-बिल्ड या ती बनवणाऱ्या साधनाला सोर्सही गोळा करायला सांगतो. त्यात माझा पॅच, कर्नलची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल आणि बिल्डच्या, म्हणजे सोर्सची बायनरी बनवायच्या, स्क्रिप्ट हाताने टाकतो. स्क्रिप्ट बहुतेक जण विसरतात. लायसन्स मात्र 'संपूर्ण सोर्स'मध्ये त्याही मोजतं.

यापायी मोठा पेन ड्राइव्ह घ्यावा लागतो, हे भाच्याचं म्हणणं खरं आहे. पण एखाद्या सरांनी शेजारच्या शाळेला कॉपी करून दिली की तेही वाटणारे झाले. त्यांना लायसन्स समजावत बसण्यापेक्षा 'सोर्सच्या फोल्डरसकट कॉपी करा' एवढं सांगणं मला परवडतं.