तुमच्या गाडीला अजून पिवळेच लाइट?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गॅरेजवाल्यापासून मेहुण्यापर्यंत सगळे मला हेच विचारतात: "अहो, पांढरे एलईडी बसवून टाका की. या पिवळ्या उजेडात रात्री दिसतं तरी काय?"

माझी गाडी फिरते ती बहुतेक कराड, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटली की या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. कितीतरी ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. अशा वेळी समोरून पांढरा झोत आला की तो प्रकाश आपल्या डोळ्याच्या आतच विखुरतो आणि समोरच्या सगळ्यावर पडदा पसरतो. ट्रॉली जागेवरच असते, कडेने सायकलवर घरी निघालेला माणूसही असतो, आपल्याला मात्र दिसत नाहीत. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. नजर सावरायला तीनच सेकंद लागले तरी ६६ मीटर रस्ता न बघता कापलेला असतो. वय वाढलं, मोतीबिंदू धरू लागला की प्रकाश आणखी विखुरतो. साठीपुढची माणसं रात्री गाडी काढायला नको म्हणतात ती भित्री म्हणून नव्हे.

आता एलईडीचं. माझ्या गाडीत एच४ प्रकारचा, पिवळ्या उजेडाचा हॅलोजन बल्ब आहे. त्यात दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या तारा असतात आणि डिपरच्या, म्हणजे खाली झुकलेल्या झोताच्या, फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते. त्या वाटीमुळे प्रकाश दिव्यातल्या आरशाच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. सगळा हिशेब मिलिमीटरचा. त्याच काचेत बाजारातला एलईडी बल्ब खोचला की प्रकाश नेमक्या जागेवरून निघत नाही आणि बराचसा वर, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालवणाऱ्याला वाटतं झकास दिसतंय, कारण बॉनेटपुढचा रस्ता लख्ख उजळतो. पण जवळचं इतकं उजळलं की लांबचं उलट कमी दिसतं.

कंपनीने बसवलेले एलईडी वेगळे. त्यांची काच, आरसा सगळं त्याच दिव्यासाठी घडवलेलं असतं, झोताला वर स्पष्ट रेघ असते. तरीही डिकीत सामान आणि मागच्या सीटवर तिघं बसले की गाडीचं नाक वर होतं आणि ती रेघही वर जाते. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ शून्यापासून आकडे असलेलं एक छोटं चाक असतं, ते याचसाठी. आकडा वाढवला की झोत खाली येतो. ते चाक कशासाठी आहे हे मी ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. शोरूममध्ये चावी हातात देताना हे सांगायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

समोरच्याने अपर, म्हणजे लांबवर जाणारा वरचा झोत ठेवला म्हणून मी अपर ठेवत नाही. एकाऐवजी दोघांना दिसेनासं झालं तर मधल्या सायकलवाल्याचं काय होणार? मी वेग कमी करतो आणि नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवतो. चौपदरी रस्त्यावर दुभाजकातली कण्हेर बरीच तिरीप अडवते, पण दुपदरी रस्त्यावर असला आडोसा कुठून आणणार?

नियम आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे, दिव्याने समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत असं ते सांगतात. पण खासगी गाडीची फिटनेस तपासणी येते १५ वर्षांनी. तोवर तिचा झोत कुठे पडतो हे कोण बघतं? पीयूसीसाठी, म्हणजे धुराच्या तपासणीसाठी, आपण गाडी घेऊन जातोच. तिथेच समोरच्या भिंतीवर एक रेघ मारावी, झोत तिच्यावर गेला तर तिथल्या तिथे स्क्रू फिरवून खाली आणावा आणि मगच प्रमाणपत्र द्यावं.